आज फक्त बघायचं

"आधी माझं बघा," असं म्हणून बाई स्वतःच आ करायच्या.

पाड्यावरच्या एखाद्या ओट्यावर म्हातारी बसलेली असायची. बाई तिच्यापुढे उकिडव्या बसायच्या आणि तोंड उघडायच्या. खालच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा गायब, वरच्या एका दाढेत काळपट पडलेली चांदी. म्हातारी आधी दचकायची, मग आत डोकावायची, मग शेजारणीला कोपराने ढोसून म्हणायची, "हिच्याच दाढा पडल्या, ही आपलं काय वाचवणार!" सगळा ओटा हसायचा. बाईही हसायच्या आणि हसता हसताच म्हणायच्या, "झालं ना माझं बघून? आता तुमचं दाखवा. आज फक्त बघायचं."

हे "आज फक्त बघायचं" मी इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी शेवटी माझं डोकंच उठायचं. तुम्हीही म्हणाल, दातांची डॉक्टर एवढी डोंगर चढून येते आणि नुसतं बघून जाते, ही कसली डॉक्टरकी? मीही तेच म्हणायची, आणि मागे नाही, समोर म्हणायची. माझा स्वभाव तसला आहे, नवऱ्याला विचारा. तो तारापूरच्या कंपनीत आठ तास भट्टीसमोर उभा राहतो आणि घरी येऊन म्हणतो, तिथे जरा गार असतं.

बाईंचं नाव मी सांगत नाही. त्यांना आवडलं नसतं, आणि तसंही पाड्यांवर त्यांचं नाव कुणाला माहीत होतं? सगळीकडे "दातवाली बाई". गाव माकुणसार. घरची वाडी, नारळ-सुपारी आणि नागवेलीचा पानमळा. वडिलांनी आयुष्यभर खायची पानं पिकवून मुलीला दातांची डॉक्टर केलं. "बाप पानं विकायचा, लेक पान सोडा म्हणून सांगत फिरते," बाई म्हणायच्या, "आमच्या घरात दोन्हीकडून सोय." वडील गेले, भाऊ वसईला राहायला गेला, घरी म्हातारी आई आणि बाई. लग्न केलं नाही. का केलं नाही ते मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "राहून गेलं गो." 

माझी त्यांची ओळख ब्लाउजमुळे. सफाळ्याच्या बाजारात एका गाळ्याच्या पायरीवर माझं शिलाईचं मशीन असायचं. बाई माप द्यायला आल्या आणि वीज गेली. मी तशीच अंधारात सुईत दोरा ओवला. बाई बघत राहिल्या.

"हात असा स्थिर राहतो तुझा?"

"हात राहतो. डोकं राहत नाही."

"डोकं माझं वापरू. मला बॅटरी धरायला माणूस पाहिजे."

"कसली बॅटरी?"

"लोकांच्या तोंडात धरायची."

मी सांगितलं, बाई, मला घाण वासाने मळमळतं. तर म्हणतात कशा, "मलाही मळमळतं. वीस वर्षं मळमळतंय. सोमवारपासून ये."

बोईसरला एका ट्रस्टचा छोटा दवाखाना होता, त्यात बाईंची खुर्ची. तीन दिवस तिथे, आणि गुरुवारी व्हॅन घेऊन सफाळ्याच्या पूर्वेला डोंगराकडच्या पाड्यांवर. बोईसरला सगळा कामगारवर्ग. बिहारचा, ओरिसाचा, उत्तर प्रदेशचा, आणि प्रत्येकाच्या खिशात गुटख्याची पुडी. बाई त्यांना स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगायच्या. चांगल्या तोंडात तीन बोटं सहज जातात, गुटख्याने आखडलेल्या तोंडात नाही, करून बघा. आश्रमशाळेतल्या पोरांचा तो खेळच झाला होता, चौथं घालायला जाऊन ओकायची कार्टी. पण बोईसरच्या एका पोरगेल्या वेल्डरच्या तोंडात एकच बोट जेमतेम गेलं. बाईंनी विचारलं, खाता कसा? तो म्हणाला, "मैडम, चावल चला जाता है। रोटी छोड़ दी।" जणू रोटी न आवडणारी गोष्ट होती म्हणून सोडली. बाईंनी त्याला दीड वर्ष सोडलं नाही. तोंड उघडायचा व्यायाम, गोळ्या, आणि त्याच्या खोलीवर जाऊन पुड्या जप्त. शेवटी तो अडीच बोटांवर आला आणि गावी जाताना आम्हाला घरची चपाती खाऊन दाखवून गेला. दवाखान्यात सगळ्यांच्या देखत, कोरडी चपाती. त्या दिवशी बाईंनी मला घट्ट मिठी मारली होती. मी म्हटलं, चपाती त्याने खाल्ली, मला कशाला दाबताय?

आता त्या "फक्त बघायचं"चं सांगते.

बाई यायच्या आधी कधीतरी डोंगरावर एक शिबिर झालं होतं. कुठलं, कोणाचं, ते पाड्यावर कुणालाच नीट सांगता येत नाही. गाड्या आल्या, शाळेच्या व्हरांड्यात बाकं मांडली, लोकांना रांगेत बसवलं आणि संध्याकाळपर्यंत दात उपटले. मग गाड्या गेल्या. एका म्हाताऱ्याचं रक्त दोन दिवस थांबेना. तो वाचला, पण त्याच्या तोंडातून गळणारं रक्त पाड्यातल्या प्रत्येक पोराने बघितलं. त्यानंतर पांढरा कोट दिसला की बाया रानात पळायच्या. सुजलेला गाल घेऊन महिना महिना काढतील, भिलाव्याचा चटका देतील, भगताकडे जातील, पण दवाखान्याचं नाव घ्यायचं नाही.

म्हणून बाईंनी कोट काढून टाकला आणि नियम केला. पहिल्या खेपेला हत्यारांची पेटी व्हॅनमध्येच राहील. फक्त आरसा आणि बॅटरी. हात लावायचा तो दुसऱ्या खेपेला, पंधरा दिवसांनी, आणि तोही येईल त्यालाच. मी भांडायची. बाई, माणूस मजुरी बुडवून येतो, दात दुखतोय म्हणून येतो, आणि तुम्ही त्याला नुसतं बघून परत पाठवता? बाई म्हणायच्या, "आधी माझी भीती जाऊ दे, मग दात जाईल."

आणि खरं सांगायचं तर त्यांचंच बरोबर निघालं. पहिल्या वर्षी ओट्यावर चार म्हाताऱ्या असायच्या. तिसऱ्या वर्षी व्हॅनचा आवाज आला की बाया हातातलं काम टाकून यायला लागल्या. बाईंना आपणहून तोंड दाखवायच्या, मशेरीने काळ्या पडलेल्या हिरड्या दाखवायच्या. तव्यावर तंबाखू जाळून तिची पूड दातांना चोळायची, सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, शेतातून आल्यावर. बाई ओरडायच्या नाहीत. "चार वेळा लावतेस ना? ह्या महिन्यात तीन वेळा लाव," एवढंच.

लाडकी त्या बायांमधलीच. पस्तिशीची असेल. तिच्याइतकी बडबडी बाई मी जन्मात पाहिली नाही, आणि हे मी म्हणतेय. डोंगराच्या ह्या अंगाला उभी राहून तिने शेळ्यांना हाक मारली की त्या अंगाच्या शेळ्यासुद्धा माना वर करायच्या. बाईंना तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "बाई, तुझे दोन दात कोनी पाडले? नवरा तर नाय तुला." पाड्यावर सगळ्यांना "तू"च म्हणतात, डॉक्टर असो की तहसीलदार. बाई इतक्या हसल्या की आरसा पडला हातातून.

तिने मात्र कधी तोंड दाखवलं नव्हतं. दुसऱ्यांना पुढे ढकलायची, आपण मागे. दिवाळीला सतरा दिवस राहिलेला गुरुवार होता, भात कापून झालं होतं. त्या दिवशी ती आपणहून पुढे बसली. म्हणाली, मिरची लागली की गाल जळतो.

मी बॅटरी धरली. बाईंनी आरशाने गाल बाजूला केला आणि त्यांचा हात थांबला. उजव्या गालाच्या आतून, जिथे ती मशेरी धरून ठेवायची तिथे, पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध लाल, खरबरीत. तेव्हा मला बॅटरी धरून चार वर्षं झाली होती. मला समजलं. बाईंनी "बॅटरी जवळ" म्हटलं तो आवाज नेहमीचा नव्हता.

आम्ही बाजूला गेलो. मी म्हटलं, "बाई, पेटी आणते. तुकडा आत्ताच घ्या." अशा चट्ट्याचा छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवायचा असतो, त्याशिवाय नक्की कळत नाही. गाल बधिर करायचा, कापायचं, एक टाका. पाव तासाचं काम.

बाईंनी ओट्याकडे बघितलं. पंधरा-वीस बाया बसल्या होत्या, निम्म्या पहिल्यांदाच आलेल्या.

"हिच्या तोंडातून ह्यांनी रक्त बघितलं, तर पुढच्या खेपेला एकही बाई येणार नाही."

"मग हिला व्हॅनमध्ये घेऊ."

"व्हॅनमध्ये नेली की संपलंच, आत काय केलं म्हणून सगळ्या पळतील. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे गो. पंधरा दिवसांनी काही होत नाही."

आणि वैद्यकाच्या हिशेबाने ते चूकही नव्हतं. पंधरा दिवसांनी काही होत नाही. बाई परत जाऊन लाडकीपुढे बसल्या, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "आज फक्त बघितलं. पुढच्या खेपेला नक्की ये. तुझ्यासाठीच येणार आहे मी. दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस, कुणी काही जाळायला सांगितलं, चटका द्यायला सांगितलं, तर ऐकू नकोस. मीच बघीन."

"येते की," लाडकी म्हणाली. "कुठं जातेय मी?"

डोंगरावरची माणसं वीटभट्टीवर जातात ती दिवाळी करून, हे आम्हाला ठाऊक होतं. बाईंनी तारीख त्या हिशेबानेच दिली होती. पण किनाऱ्यावरच्या माणसाला दिवाळी ठाऊक असते, मुकादमाची घाई ठाऊक नसते. त्या वर्षी पाऊस लवकर उघडला, भट्ट्या लवकर लागल्या, आणि मुकादमाचा टेम्पो दिवाळीच्या चार दिवस आधीच पाड्यावर येऊन उभा राहिला. आम्ही गेलो तेव्हा लाडकीच्या दाराला काटेरी फांदी आडवी लावलेली होती. कोंबड्यासुद्धा टोपलीत घालून नेल्या होत्या. पाड्यावर म्हातारी माणसं आणि दोन कुत्री.

लाडकीची थोरली बहीण मंगली तेवढी मागे राहिली होती, तिच्या नवऱ्याचा पाय मोडला होता म्हणून. बाईंनी विचारलं, कुठल्या भट्टीवर गेली? मंगलीने खाडीच्या दिशेने हात केला. "तिकडं. लांब." फोन लाडकीच्या दिराचा होता, तो बंद.

मग बाईंनी शोधायला सुरुवात केली. वैतरणेच्या खाडीकाठच्या भट्ट्या, मग वसईकडच्या, मग भिवंडीकडच्या. गुरुवार पुरेना म्हणून रविवार. सगळीकडे तोच धुरळा, त्याच विटांच्या रांगा, तेच कापडाचे पाळणे. बाई विचारायच्या, लाडकी आहे का? लाडक्या सगळीकडे होत्या. एका भट्टीवर तर तीन निघाल्या. तिघीही आल्या, हात पुसत, कोण बोलावतंय बघायला, आणि बाई एकेकीचा चेहरा बघून मान हलवत राहिल्या. गेलोच आहोत म्हणून त्या तिघींची तोंडं बघितली. असं करत करत भट्टीवरच्या कितीतरी माणसांची तोंडं त्या हिवाळ्यात बघून झाली, जी कधी कुणी बघितली नव्हती. पण बाईंना त्याचं काही वाटत नव्हतं. व्हॅनमध्ये बसल्या की पुढच्या भट्टीचा रस्ता विचारायच्या.

एकदा मी चिडले. उन्हाने माझं डोकं तापलं होतं, पोटात काही नव्हतं. म्हटलं, "बाई, एका बाईसाठी किती फिरायचं?"

"मी तिला जा म्हटलं गो," बाई म्हणाल्या. एवढंच. आणि खिडकीकडे तोंड फिरवून रडायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

होळीला काही माणसं परत आली, त्यात लाडकी नव्हती.

ती आली मे संपताना. आम्ही बोईसरच्या दवाखान्यात होतो. दारात एक बाई उभी, तोंडाला पदर दाबलेला, गळ्याच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ. मी ओळखलं नाही. तिने पदर काढला आणि बोलली, तेव्हा कळलं. आवाज तोच होता, पण तोंड पुरतं उघडत नव्हतं.

"बाई, तू बोल्लेलीस पुढल्या खेपेला ये. मना टेम्पोने नेला. आता आले."

बाईंनी तिला खुर्चीत बसवलं. मी बॅटरी धरली. आत जे होतं ते मी लिहीत नाही.

"दुखत होतं ना भट्टीवर?" बाईंनी विचारलं.

"मग! रातदिस."

"तिथे दवाखाना होता ना जवळ? दाखवलं का नाहीस?"

लाडकी बाईंकडे बघायला लागली, बाईंनाच काहीतरी समजत नसावं तशी. "तू बोल्लेलीस ना, दुसऱ्याला दाखवू नको? मीच बघीन बोल्लीस. मग कशाला दाखवू?"

बाई उठून मोरीत गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि तो नळ बराच वेळ चालू राहिला.

पुढचं थोडक्यात सांगते, माझ्याने फार सांगवत नाही. बाई तिला घेऊन मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेल्या. स्वतः गेल्या, स्वतः तिथे बाकावर बसल्या, आईला शेजारणीच्या हवाली करून. ऑपरेशनमध्ये जबड्याचा भाग गेला, जीभ अर्धी गेली. लाडकी घरी आली ती बिनआवाजाची. टाळ्या वाजवून शेळ्यांना बोलवायची. शेळ्या यायच्या, पण त्यांना वेळ लागायचा. पुढची दिवाळी तिला मिळाली नाही. आम्ही मातीला गेलो तेव्हा मंगली बाईंसमोर येऊन उभी राहिली आणि सगळ्या पाड्यासमोर म्हणाली, "तू बघितलंस. बघून काय केलंस?"

मी भांडायला पुढे होत होते, बाईंनी माझा हात धरून मागे ओढलं.

त्या दिवसानंतर "आज फक्त बघायचं" हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. पेटी व्हॅनमधून उतरायला लागली. चट्टा दिसला की त्याच दिवशी, तिथेच तुकडा. आणि बाईंनी आधी सांगितलं होतं तसंच झालं, बाया यायच्या बंद झाल्या. ओटा रिकामा. एका गुरुवारी तर आम्ही दोघी आणि एक बोकड, बस.

मग बाईंनी दुसरा मार्ग काढला. माणसं घरी कधी असतात? लावणीला. तेव्हा ना भट्टी, ना मुकादम. मग आपणच शेतात जायचं. दोन पावसाळे आम्ही गुडघाभर चिखलातून फिरलो. बाया वाकून रोपं लावतायत, बाई त्यांच्या ओळीत उतरून मूठभर लावतायत, वाकडीतिकडी, आणि लावता लावता बोलतायत. दोन ओळी झाल्या की कुणीतरी कमर सरळ करायची आणि आपणहून आ करायची. मी बांधावर एका हातात छत्री, एका हातात बॅटरी, खांद्याला पेटी. मी म्हणायची, चिखलात उतरू नका, पायाला भेगा आहेत तुमच्या. ऐकतंय कोण? "रिपोर्ट वाईट आला तर त्याच दिवशी निघायचं. एक दिवस घालवायचा नाही," हे प्रत्येकीकडून वदवून घ्यायच्या.

मंगलीच्या बांधावरही जायच्या. ती वर बघायची नाही. बाई थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि पुढे जायच्या. दोन पावसाळे, दर खेपेला. मला अपमान वाटायचा, त्यांना वाटला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात, लावणी संपत आली होती तेव्हा, मंगली हातातली रोपं टाकून बांधाशी आली. बाईंपुढे उभी राहून तिने तोंड उघडलं. गालाच्या आत चट्टा होता, छोटा. बाईंनी तिला बांधावर बसवून तुकडा घेतला, टाका घातला आणि तिच्या गालाला हात लावून उभ्या राहिल्या. परतताना व्हॅनमध्ये बाई गाणं गुणगुणत होत्या, बेसूर.

नंतरच्या सोमवारी बाईंना ताप आला. "पावसाळी ताप आहे," म्हणून दोन दिवस अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे. पालघरला नेलं, तिथून पुढे नेलं. डॉक्टर म्हणाले, लेप्टो, चिखलपाण्यातून होणारा ताप. सातव्या दिवशी गेल्या. शेतातल्या चिखलाने गेल्या की घरच्या वाडीतल्या चिखलाने, कोण सांगणार? मी मात्र अजून त्यांच्यावर रागावलेली आहे. दुसऱ्याला एक दिवस घालवू नको म्हणायचं आणि आपण दोन घालवायचे.

त्यांच्या बाराव्याच्या आदल्या दिवशी मंगलीचा रिपोर्ट आला. दवाखान्यात तात्पुरती आलेली तरुण डॉक्टर वाचून म्हणाली, कॅन्सर आहे, पण अगदी सुरुवातीचा. आत्ता काढला तर बरी होईल, उशीर नको.

आधीच सांगून टाकते, मंगली बरी झाली. गालाला आतून टाके पडले, जीभ शाबूत आहे, आता माझ्याशी भांडतेसुद्धा. पण ज्या दिवशी तिला आणायला गेले, तो दिवस माझ्या मनातून जात नाही.

मी एकटी गेले, व्हॅनच्या ड्रायव्हरसोबत. वाटेत ठरवलं की बाई गेल्याचं सांगायचं नाही. बाई नाहीत म्हटल्यावर ती येईल कशाला? मी कोण, बॅटरी धरणारी. शेताच्या कडेला ती गवत कापत होती. मी म्हटलं, "मंगली, रिपोर्ट आलाय. बाईंनी बोलावलंय. आत्ताच चल."

तिने विळा खाली ठेवला. माझ्याकडे नीट बघितलं. "बाईनं बोलावलं?"

"हो. वाट बघतायत."

ती घरात जाऊन लुगडं बदलून आली, नवऱ्याला दोन शब्द सांगितले आणि गाडीत बसली. मांडीवर फडक्यात बांधलेली कर्टोली. वाटभर मी बोलत होते. बाई अशा म्हणाल्या, बाई तशा म्हणाल्या, बाईंनी खुर्ची तयार ठेवलीय. इतकं खोटं मी जन्मात बोलले नव्हते. मंगली नुसती हुंकार देत होती.

सफाळ्याचं रेल्वे फाटक बंद होतं. गाडी थांबली आणि माझी बडबडही थांबली. मग मंगलीने ते फडकं उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे तिच्या आयशीला दे. म्हातारी एकटी असेल आता."

"तुला... कुणी सांगितलं?"

"रेशनवर समजलं, चार दिस झाले."

"मग मघाशी बोलली का नाहीस? आणि आलीस कशी?"

"तिला शब्द दिलेला. रिपोट वाईट आला तर त्याच दिशी निंगायचं," मंगली म्हणाली. "आनि तू बोलत होतीस ना, ती हाय, ती बसलेय, वाट बघतेय. मना ऐकायला बरं वाटत होतं."

फाटक उघडलं. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे बघत होता आणि गाडी काही हलवत नव्हता.